सोसणे आणि सांगणे

दिवाळीच्या पहाटेची माझी सर्वांत जुनी आठवण आक्काच्या तळहातांची आहे. आमची आई दम्याची. थंडी पडू लागली की पहाटे तिच्याने उठवत नसे. त्यामुळे नरकचतुर्दशीला मला तेल लावण्याचे काम माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या असलेल्या आक्काकडे आले होते. भाकऱ्या थापून आणि धुणी पिळून तिचे हात त्या वयातच राकट झाले होते. त्या हातांनी ती उटणे चोळू लागली की अंग सोलून निघते आहे असे वाटे. मी ओरडलो की ती म्हणे, "सोस थोडं. एवढ्यानं काय होतंय?" आणि मी दात-ओठ खाऊन गप्प राहिलो की घरभर सांगत सुटे, "आमचा बाळू शहाणा. हूं की चूं करत नाही." मग पहिली करंजी माझ्या हातावर पडे. सोसण्याचे फळ गोड असते, हा धडा मी असा वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षीच शिकलो.

पुढे मी शिक्षक झालो आणि हाच धडा मुलांना देऊ लागलो. गुडघा फुटूनही न रडलेल्या मुलाला वर्गात उभे करून मी टाळ्या देवविल्या आहेत. मी कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा माझ्या नायिकाही सोशिकच निघाल्या, आणि वाचकांची, विशेषतः वाचक-भगिनींची, पत्रे येत ती त्या सोशिकपणाचे गुणगान करणारी. सोसणे हा सद्गुण आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही. तो पडला २०२२ सालच्या भाऊबीजेला, आणि पडला तोही आक्काच्याच तळहातांमुळे.

सणाच्या दिवसांत रोगाचे नाव काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. वाचकांनी मला क्षमा करावी. पण ज्या घरात दुखणे असते त्या घरातही दिवाळी येतेच, आणि आज असे घर दूरवर शोधायला जावे लागत नाही. म्हणून हे लिहीत आहे.

त्या वर्षी जुलै महिन्यात आक्काच्या मोठ्या आतड्यावर शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची निघाली. गाठ काढली असली तरी शेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोचला होता. तेव्हा सहा महिने औषध घ्यावे लागेल, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. आक्काने सलाइनच्या बाटल्यांची आणि गळणाऱ्या केसांची मनाशी तयारी केली होती. प्रत्यक्षात मिळाल्या त्या गोळ्या. कॅपेसिटाबिन त्यांचे नाव. सकाळी तीन, रात्री तीन, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. चौदा दिवस घ्यायच्या आणि सात दिवस थांबायचे. एकवीस दिवसांचे असे एक आवर्तन, आणि अशी आठ आवर्तने. आक्काला हायसे वाटले. सुई नाही, बाटली नाही, केसही फारसे जाणार नाहीत; म्हणजे रोगही हलकाच असणार, असा तिने आपल्यापुरता निष्कर्ष काढला.

मी शाळामास्तर आहे, डॉक्टर नव्हे. पण त्या वर्षभरात मला विचारून आणि वाचून जे कळले ते साध्या भाषेत असे. ही गोळी शरीरात गेली की तिच्यापासून फ्लुओरोयुरॅसिल नावाचे द्रव्य तयार होते. अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली हे औषध जगापुढे मांडले. पेशीला आपल्यासारखी दुसरी पेशी घडवायची तर जो कच्चा माल लागतो, त्या मालासारखाच दिसणारा हा खोटा माल आहे. पेशी फसते, तो उचलते, आणि तिचे काम अडते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या अधिक फसतात. पण शरीरात भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही आहेत: तोंडाच्या आतल्या, आतड्याच्या, आणि कातडीच्या. माणसाची कातडी दीड-दोन चौरस मीटर भरते आणि साधारण महिना-सव्वा महिन्यात ती गुपचूप कात टाकून नवी होत असते. औषधाला मित्र आणि शत्रू यांतला भेद नीट कळत नाही. त्यात तळहात आणि तळपाय या तर रोज दाब, घर्षण आणि उष्णता सोसणाऱ्या जागा. तिथे आधी मुंग्या येतात, मग लाली चढते, आग होते; मग सूज, फोड, भेगा; आणि पुढे कातडे सुटू लागते. डॉक्टर त्याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात.

यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. या विकाराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि कोणत्या पायरीवर काय करायचे तेही ठरलेले आहे. हात दुखू लागून कामात अडथळा आला की गोळ्या काही दिवस थांबवायच्या. कातडी निवली की पुन्हा सुरू करायच्या. त्याहून पुढे गेले तर थांबायचे आणि नंतर मात्रा कमी करून, बहुधा पाऊण करून, द्यायची. अशी मात्रा घटवल्याने उपचार वाया जात नाही, असा डॉक्टरांचा अनुभव आहे. पण या साऱ्या व्यवस्थेचा आरंभ एकाच गोष्टीपासून होतो: रोग्याने "दुखतंय" असे म्हणण्यापासून. तळहात आतून किती पेटला आहे हे मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही.

पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी छापील कागद दिला होता. गरम पाण्यात हात घालू नका, भांडी घासू नका, भाकरी थापू नका, घट्ट चपला घालू नका, मलम लावत जा, आणि आग होऊ लागली की लगेच कळवा. दाजींनी तो कागद कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. तो तिथे सुरक्षित राहिला.

त्याच दिवशी रुग्णालयाच्या बाकावर आक्काच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांचा चेहरा आणि गळा तारुण्यपीटिकांसारख्या पुरळाने भरून गेला होता. आक्काने चुकचुकल्यासारखे केले तेव्हा ते हसून म्हणाले, "हे चांगलं लक्षण आहे, ताई. पुरळ उठलं म्हणजे औषध लागू पडलं, असं डॉक्टरच म्हणाले."

ते गृहस्थ खोटे बोलत नव्हते. सिटुक्सिमॅब, एर्लोटिनिब अशी काही औषधे आहेत. गाठीतल्या पेशींना 'वाढा' असा जो निरोप मिळतो, तो निरोपच ती अडवतात. कातडीच्या पेशीही त्याच निरोपावर जगतात, म्हणून पुरळ उठते. आणि ज्यांना पुरळ उठते त्यांना या औषधांचा गुणही बहुधा अधिक येतो, असे पुष्कळदा आढळले आहे. पण त्या पुरळावरही डॉक्टर इलाज करतात, मलमे देतात, गोळ्या देतात. त्या गृहस्थांच्या हातातही मलमाची नळी होती. आक्काने त्यांचे वाक्य घेतले आणि नळी सोडून दिली. शिवाय त्यांचे औषध वेगळे, तिचे वेगळे. एका औषधाचे सत्य तिने दुसऱ्या औषधाला लावले. अर्धे सत्य माणसाला जितके लांब नेते, तितके लांब उघड असत्यही नेत नाही.

दुसरे आवर्तन सुरू झाले ते गौरी-गणपतीच्या दिवसांत. पुढच्या दोन महिन्यांत तिच्या घरातल्या प्रत्येकाला काही ना काही दिसले. सूनबाईच्या लक्षात आले की सासूबाई आता भाकरीला बसत नाहीत, भातच पुरे म्हणतात. दाजींना दिसले की ती घरातही मऊ चपला घालून पाऊल वाकडे टाकत चालते. रेशनच्या दुकानात यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. दुकानदाराने बोट पुसायला लावले, पुन्हा पुन्हा टेकवायला लावले, आणि शेवटी दाजींचा अंगठा घेऊन काम भागवले. घरी येऊन सगळे हसले. म्हणे, सरकारदरबारी आक्का नाहीशी झाली! एकाला चाल दिसली, एकीला भाकरी दिसली, एकाला अंगठा दिसला. पण या तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत, हे कुणी जुळवून पाहिले नाही.

तपासणीच्या वेळी डॉक्टरबाई विचारत, "हातपाय कसे आहेत?" आक्का म्हणे, "बरे आहेत." नवरात्रात तिने हातांना मेंदी लावली. मेंदीने आग जरा निवते, हे तिचे एक कारण. दुसरे कारण आम्हांला नंतर कळले. मेंदीच्या रंगात लाली लपते.

भाऊबीजेला आम्ही सगळे कराडला तिच्याकडे गेलो. तिने दिवाळीसाठी पुन्हा मेंदी लावली होती. "आक्का, मेंदी काय रंगलीय!" असे माझी पत्नी म्हणाली, आणि मीही मान डोलावली. पाटावर बसलो. आक्काने तबक उचलले ते पदराची घडी हाताखाली घेऊन. सुपारी ओवाळली, अंगठी ओवाळली, आणि निरांजन फिरवताना तबक कलंडले. मी ते सावरायला म्हणून तिचा हात धरला. "आई गं!" अशी किंकाळी तिच्या तोंडून बाहेर पडली. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी आक्काचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. हात सोडून पाहिले तो मेंदीच्या नक्षीखाली तळहात उभा-आडवा फाटलेला. मग पाय पाहिले. टाचेवरचे फोड फुटून चिघळले होते आणि उजवे पाऊल घोट्यापर्यंत सुजून लाल झाले होते. अंगात ताप होता. तिने तो सकाळपासून कुणाला सांगितला नव्हता. सण होता ना.

त्याच संध्याकाळी तिला रुग्णालयात नेले. जखमेत जंतू शिरले होते. दहा दिवस ती तिथे होती. औषधाने आधीच पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, त्यात हा संसर्ग. पहिले तीन दिवस डॉक्टर आमच्याशी मोजकेच बोलत. कर्करोगाने जे केले नव्हते ते एका टाचेच्या फोडाने होते की काय, अशी वेळ आली होती.

ताप उतरल्यावर डॉक्टरबाई तिच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या.

"आग कधीपासून व्हायला लागली?"

आक्का भिंतीकडे पाहत म्हणाली, "गौरी गेल्या, त्यानंतर."

"मग सांगितलं का नाहीत?"

"औषध बंद केलं असतंत ना."

"आठ दिवस थांबवलं असतं. बंद नसतं केलं." डॉक्टरबाई थोड्या थांबल्या. "मी तुमचे हात उलटसुलट करून पाहायला हवे होते, ती चूक माझी. पण आजी, तुम्ही बरं आहे म्हणालात म्हणून मी तीच मात्रा लिहीत गेले. म्हणजे तुमचे हात भाजले ते माझ्याच हातून की."

हे वाक्य मी आजवर विसरू शकलेलो नाही. सोसणारा माणूस एकटाच सोसतो, दुसऱ्याला त्रास देत नाही, असे आपण समजतो. पण आक्काच्या मौनाने एका भल्या बाईकडून तिच्या नकळत इजा करवली होती. जो इलाज करणार त्यालाच अंधारात ठेवले, तर त्याच्या हातातले औषध आणि विष यांतले अंतर किती उरते?

इथवर मी आक्काच्या मौनाविषयी लिहिले. आता जे लिहायचे आहे ते माझ्याविषयी आहे, आणि खरे म्हणजे त्याच्यासाठीच हा लेख आहे.

आक्का गप्प राहिली, हे पूर्ण खरे नाही. रुग्णालयातल्या दुसऱ्या रात्री मी तिच्या उशाशी बसलो होतो तेव्हा मला एकाएकी आठवले. सप्टेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी तिचा फोन आला होता. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. इकडचे तिकडचे झाल्यावर ती म्हणाली होती, "तळहात नुसते पेटलेत रे. निखारा धरल्यासारखं होतंय." आणि मी, लाल पेन हातातच ठेवून, म्हणालो होतो, "म्हणजे औषध लागू पडतंय, आक्का. तू काय, लहानपणापासूनची सोशिक. थोडे दिवस सोस." त्या गृहस्थांचे वाक्य तिनेच मला पूर्वी सांगितले होते, तेच मी तिला परत केले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो रे. सोसतेय." त्यानंतर तिने कुणाला काही सांगितले नाही.

तिने हाक मारली होती. मी त्या हाकेला उत्तर म्हणून तिचे कौतुक केले.

त्या रात्री मी तिला हे बोलून दाखवले. वाटले, ती रागावेल, निदान रडेल तरी. ती हसली आणि म्हणाली, "तू कशाला मनाला लावून घेतोस? तुझ्या त्या पुस्तकातली माई नाही का, शेवटपर्यंत कुणाला काही कळू देत नाही. मला फार आवडते ती."

ती माई मी आक्कावरूनच रंगवली होती. तिच्या जगण्यातला सोशिकपणा उचलला, त्यावर शब्दांचा साज चढवला, आणि पुस्तक करून पहिली प्रत तिच्याच हातात दिली. ती तिने आज्ञेसारखी पाळली.

सोसणाऱ्याचे कौतुक आपण इतके का करतो, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. मला वाटते, ते फार स्वस्त पडते म्हणून. "दुखतंय" असे कुणी म्हटले की ऐकणाऱ्यावर काही काम येऊन पडते. उठावे लागते, फोन करावा लागतो, रजा काढावी लागते, पैशांचा विचार करावा लागतो. "किती सोशिक आहेस!" एवढे म्हटले की काम टळते आणि वर आपण चांगले बोलल्याचे समाधान मिळते. सोशिक माणसाच्या घरी बाकीच्यांना झोप चांगली लागते. आणि आपल्याकडे ही सोशिकपणाची पदवी बहुतेक करून घरातल्या बायकांनाच का मिळते, याचेही उत्तर त्यातच आहे.

झोपेवरून मला कर्ण आठवतो. गेली वीस वर्षे ही गोष्ट मी वर्गात सांगत आलो. परशुराम शिष्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपले आहेत. एक किडा कर्णाची मांडी पोखरतो आहे. गुरूंची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलत नाही. इथे मी नेहमी आवाज खाली आणीत असे, आणि मुलांचे डोळे मोठे होत. पण गोष्ट इथे संपत नाही, हे मला ठाऊक असूनही मी त्यापुढचे भरभर सांगून टाकत असे. रक्ताचा ओघळ लागून गुरू जागे होतातच. जे कर्णाने सांगितले नाही ते त्याच्या रक्ताने सांगितले. आणि मग आशीर्वादाऐवजी शाप मिळतो. कारण एवढे सोसणारा हा ब्राह्मण नव्हे, याने आपल्यापासून काही लपवले आहे, हे गुरूंना उमगते. कर्णाच्या त्या सोसण्यात भक्ती होती हे खरेच. पण त्याच्या बुडाशी एक भयही होते. खरे कळले तर विद्या जाईल, हे ते भय. आक्काचे भय त्याहून वेगळे नव्हते. खरे कळले तर औषध जाईल. किडा झटकला असता तर फार तर गुरूंची झोप मोडली असती. 'त्याने हाक का मारली नाही?' असे वीस वर्षांत एकाही मुलाने मला विचारले नाही. त्यांना तसे विचारायला मी शिकवलेच नव्हते.

कुणी म्हणेल, मग काय सोसणे सोडून द्यायचे? सुई टोचली की ओरडायचे, आणि उपचार अर्ध्यावर टाकायचे? तसे मला म्हणायचे नाही. सोसल्यावाचून कुठलाच मोठा रोग बरा होत नाही. आक्काने पोट फाडून घेतले, नळ्या सोसल्या, महिनाभर अन्नाची चव सोसली. ते सोसणे खरे होते आणि त्याला मी आजही हात जोडतो. पण त्या सोसण्याचे कारण तिला ठाऊक होते, दुखणे किती आहे हे आम्हां सर्वांना आणि डॉक्टरांना ठाऊक होते, आणि त्यातून मिळायचे ते दुसऱ्या वाटेने मिळणार नव्हते. तळहातांच्या आगीत यांतले काहीच नव्हते. आठ दिवसांच्या विसाव्याने आणि पाऊण मात्रेने जे साधले असते, त्यासाठी तिने कातडे दिले. सोसणे आणि लपवणे या दोन गोष्टी आहेत. बाहेरून त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात आणि आपण लपवण्याच्या गळ्यातही सोसण्याचा हार घालतो.

आणि सांगणे म्हणजे कुरकुर नव्हे. वैद्यकाचा इतिहास चाळला तर उलटेच दिसते. १९४३ च्या २ डिसेंबरला इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बाँब टाकले. तिथे 'जॉन हार्वी' नावाच्या अमेरिकन जहाजात मस्टर्ड गॅसचे बाँब लपवून आणलेले होते. हे विष कातडी भाजून काढते. पाण्यात पडलेले खलाशी त्याने माखून रुग्णालयात आले. पण जहाजात काय होते हे गुपित असल्यामुळे डॉक्टरांना कुणी सांगितले नाही. त्यांना त्याच भिजल्या कपड्यांत ठेवले गेले. सहाशेंहून अधिक माणसे पोळली आणि ऐंशीहून अधिक दगावली. नुसते सांगितले असते, कपडे बदलून अंग धुतले असते, तर त्यांतली कित्येक वाचली असती. पुढे स्ट्युअर्ट अलेक्झांडर या डॉक्टरांनी विषाचा माग काढला आणि ते रक्तातल्या पांढऱ्या पेशी कशा नष्ट करते, याची बारकाईने नोंद केली. त्याआधी वर्षभर, १९४२ साली, याच विषाच्या जातीचे एक द्रव्य येल विद्यापीठात लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर वापरून पाहिले गेले होते. तेही युद्धाचे गुपित म्हणून १९४६ पर्यंत दडलेले राहिले. आजच्या केमोचा उगम तिथला आहे. कातडी जाळणाऱ्या विषातून औषध निघाले, ते कुणीतरी इजा नीट पाहिली आणि नोंदवली म्हणून.

आक्काच्या अंगठ्यावर आम्ही हसलो. पण डिसेंबर २००८ मध्ये सिंगापूरचे एक बासष्ट वर्षांचे गृहस्थ अमेरिकेत उतरले तेव्हा बोटांचे ठसे उमटेनात म्हणून त्यांना चार तास अडकवून ठेवले होते. त्यांनाही हेच औषध चालू होते. त्यांच्या डॉक्टरांनी ती हकीकत २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात छापली, तेव्हापासून अशा रोग्यांनी प्रवासात डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी असे सुचवले जाऊ लागले. दिल्लीच्या एम्समध्ये या गोळ्या घेणाऱ्या २६४ रोग्यांची दोन गटांत पाहणी झाली. एका गटाला हातांना चोळायला डायक्लोफिनॅकचे जेल दिले, म्हणजे पाठ धरली की आपण लावतो तेच. दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे बिनऔषधी जेल दिले. २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात शंभरातल्या सुमारे चौघांना हा विकार त्रासदायक प्रमाणात झाला, दुसऱ्यात पंधरांना. अर्थात आपल्याला ते चालेल की नाही, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. मला सांगायचे आहे ते इतकेच, की या शोधाच्या मुळाशी शेकडो रोग्यांचे "दुखतंय" हे साधे शब्द आहेत. औषधांच्या अपायांची नोंद ठेवण्याची देशव्यापी योजना आपल्याकडे २०१० पासून आहे, आणि तिच्याकडे खुद्द रोगीही अपाय कळवू शकतो. एकाची तक्रार दुसऱ्याचे औषध होते.

काही वेळा तर सोसायला दिवसांचाही अवकाश नसतो. कर्करोगाच्या उपचारात मुख्य औषधाबरोबर इतरही दिली जातात; झटके येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन, युरिक ॲसिड वाढू नये म्हणून ॲलोप्युरिनॉल. अशा औषधांनी क्वचित एखाद्याला ताप येतो, डोळे लाल होतात, तोंडात फोड येतात आणि अंगाचे कातडे सुटू लागते. स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ साली हा विकार वर्णिला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. तो दुर्मीळ आहे. पण तिथे सकाळ होण्याची वाट पाहणेही चुकीचे ठरते. तिथे "सोस थोडं" म्हणणारा भाऊ हा वैरीच होय.

आक्काच्या गोळ्या महिनाभराने पुन्हा सुरू झाल्या, पाऊण मात्रेने. आठवे आवर्तन २०२३ च्या फेब्रुवारीत पुरे झाले. कातडी हळूहळू भरून आली. औषध संपल्यावर ठसेही परततात, एक दिवस रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा पहिल्या फटक्यात उमटला तेव्हा दुकानदारच "उमटला, उमटला!" म्हणून ओरडला. तिच्या तपासण्या आजवर ठीक आहेत.

छापलेली कादंबरी मला परत घेता येत नाही. तिची दुसरी आवृत्ती निघालीच तर माईच्या तोंडी एक हाक घालीन म्हणतो. वर्गात मी अजून कर्णाची गोष्ट सांगतो. पण शेवटापर्यंत सांगतो, आणि गुडघा फुटलेल्या मुलाला टाळ्या देण्याआधी कुठे लागले ते विचारतो. साठीला टेकलेल्या माणसाची सवय मात्र अशी सहजी बदलत नाही. उपचार चालू असता आक्का एकेक दुखणे सांगे ते चोरी कबूल केल्यासारखे, खालच्या आवाजात. मी ते वहीत लिहून घेई. एवढेच मला जमत होते.

गेल्या भाऊबीजेला पाटावर बसलो होतो. आक्काने तबक उचलले, दोन वेळा ओवाळले, आणि मध्येच थांबून म्हणाली, "अरे, तापलंय हे. हाताला सोसत नाही. धर बघू जरा."

मी उठून तबक खालून धरले. दोघांनी मिळून ते फिरवले. पत्नी म्हणाली, ज्याला ओवाळायचे त्यानेच ताट धरायचे, ही कुठली रीत? रीत नसेलही. पण ओवाळणी घालताना मला वाटले, या वर्षी देणारी आक्काच आहे.